टपाल वाटता वाटता गाणी लिहिणारा जॉन प्राइन: पोस्टमन नसता तर?

शालिनी_वाई
माझे वडील, अण्णा, एकतीस वर्षं पोस्टमन होते. वाईजवळची सहा गावं, सायकल, खाकी झोळी, पावसाळ्यात झोळीवर प्लास्टिकचा कागद. 'बीट' (पोस्टमनचा ठरलेला फेरा) आणि 'बटवडा' (टपाल वाटणं) हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत मुलाकडे गेले असताना तो गाडीत म्हणाला, "आई, हा गाणारा आधी पोस्टमन होता," तेव्हा मी कान टवकारले.

जॉन प्राइन. जन्म १९४६, शिकागोजवळच्या मेवूडचा. शाळा संपल्यावर टपालखात्यात चिकटला, मध्ये दोन वर्षं सैन्यात गेला, परत येऊन पुन्हा टपाल. एकूण पाचेक वर्षं दारोदार पत्रं टाकली आणि चालता चालता गाणी रचली. १९७१ साली पहिली तबकडी आली. तेव्हा त्याला पंचविशीही नीट लागलेली नव्हती आणि तिच्यात एक गाणं आहे म्हाताऱ्या नवरा-बायकोचं, 'हॅलो इन देअर'. मुलं पांगलेली, एक मुलगा कोरियाच्या लढाईत मारला गेलेला, दोघांकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. शेवटी गाणारा आपल्याला एवढंच सांगतो की रस्त्यात असे थकलेले डोळे दिसले तर नुसते बघून पुढे जाऊ नका, हाक मारा.

मी ते ऐकलं आणि मला अण्णांच्या बीटवरची एक आजी आठवली. तिला कधीच पत्र यायचं नाही. तरी अण्णा तिच्या दारात सायकल उभी करायचे.

माझा प्रश्न असा: हा माणूस पोस्टमन नसता तर ही गाणी झाली असती का? आणि ज्यांनी तो अजून ऐकला नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी?

रानफूल७
धागा आवडला. मला त्याचं फक्त 'पॅराडाइज' हे गाणं माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी ते गायक जॉन डेन्व्हरचंच समजत होते.

दादरकर
शालिनीताई, लिहिलंय सुंदर, पण मी वेगळं मत मांडतो. पोस्टमन ही वर्तमानपत्राला मिळालेली सोय आहे. १९७०च्या ऑक्टोबरात रॉजर ईबर्ट हा सिनेमाचा समीक्षक एका सिनेमाला गेला. तिथला पॉपकॉर्न इतका खारट निघाला की तो उठून बियर प्यायला जवळच्या 'फिफ्थ पेग'मध्ये शिरला. आत प्राइन गात होता. ईबर्टने सिनेमा राहू दिला आणि याच्यावर लिहिलं. मथळ्यातच 'गाणारा पोस्टमन' आला. ते बिरूद पुढे पन्नास वर्षं चिकटलं.

माझ्या मते मूळ केंटकी राज्यात आहे. आई-वडील दोघांचं गाव म्यूलेनबर्ग परगण्यातलं. वडील कामासाठी शिकागोकडे आले, साचे बनवणारे कारागीर, कामगार संघटनेत पुढारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गावी. घरात कंट्री गायक हँक विल्यम्स वाजायचा. थोरल्या भावाने, डेव्हने, चौदाव्या वर्षी हातात गिटार दिली. मुंबईत वाढलेल्या गिरणी कामगाराच्या पोराची भाषा जशी गावाकडची राहते, तसं आहे ते. टपालखात्यात गेला नसता, कारखान्यात गेला असता तरी हाच माणूस दिसला असता.

वणीचा_पंक्या
पॅराडाइजचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका.

आमचं शेत खाणीत गेलं. उघड्या खाणीची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोगदा खणत नाहीत. झाडं तोडतात, वरची माती सोलतात, खडक सुरुंगाने उडवतात आणि खालचा कोळसा उचलून नेतात. वरून काढलेल्या मातीला आमच्याकडे सगळे 'ओबी' म्हणतात. त्या ओबीचे डोंगर होतात. मी लहानपणी त्यांनाच डोंगर समजायचो, कारण दुसरा डोंगर आमच्या बाजूला नव्हताच.

प्राइनच्या गाण्यात पोरगा बापाला म्हणतो, मला नदीकाठच्या त्या गावाला घेऊन चल. बाप म्हणतो, तुला उशीर झाला रे, कोळशाच्या गाडीने ते नेलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इंग्रजी धड कळत नव्हतं. पण 'पीबॉडी' हे कंपनीचं नाव आणि कोळसा एवढं कळलं आणि मी ते परत लावलं. माझ्या बापाने शेत दाखवायला मला कधी नेलं नाही. न्यायला काही राहिलंच नव्हतं.

दादरकर
पंक्या, वाचून गलबललो. फक्त एक तपशील, कारण तो महत्त्वाचा आहे. गाण्यातल्या पॅराडाइज गावाच्या आजूबाजूची जमीन पीबॉडीने सोलली, पण गाव पाडलं ते टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने, म्हणजे सरकारी वीज संस्थेने. तिचं कोळशावरचं केंद्र गावाला खेटून उभं राहिलं. त्याची राख घरांवर पडायला लागली, लोकांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली, आणि १९६७ साली संस्थेने घरं विकत घेऊन गाव जमीनदोस्त केलं. गाण्यात दोष कंपनीवर आहे, इतिहासात दोघांचा वाटा आहे.

वणीचा_पंक्या
दादरकर, बरोबर असेल. पण ज्याचं गाव गेलं त्याला शेवटी एकच नाव आठवतं. गाण्यात तेच आलं.

भिगवणची_सई
आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. आजी पाणी उतरलं की काठावर उभी राहून बोट दाखवायची, तिथं आपली चावडी, तिथं पार. पळसदेवचं देऊळ वर आलं की लोक फोटो काढायला येतात. आजी कधी फोटोत आली नाही.

आमच्याकडे ओव्या आहेत, गाणी आहेत, पण आमच्या गावाचं नाव असलेलं एकही गाणं नाही. पॅराडाइजला ते मिळालं. मला त्याचा हेवा वाटतो.

टिंबटिंब
सगळ्यांचा मान ठेवून विचारतो. अमेरिकेतल्या गोऱ्या कामगाराच्या गाण्यात आपण एवढं का गुंतायचं? आपल्याकडे शाहिरांची परंपरा आहे. अण्णाभाऊ, अमर शेख यांनी कष्टकऱ्यांवर लिहिलं, डफावर गायलं. त्यांच्यावर किती धागे निघाले?

सई (वरचीच, दुसऱ्या फोनवरून)
टिंबटिंब, तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा. एकावर बोललं म्हणून दुसरं कमी होत नाही.

सुभेदार_निवृत्त
मी गाणी फारशी ऐकत नाही. नातवाने हा धागा वाचून दाखवला आणि 'सॅम स्टोन' लावलं, अर्थ सांगितला.

त्यात व्हिएतनामहून परतलेला शिपाई आहे. छातीवर पदक, गुडघ्यात इजा, आणि दुखणं मारायला दिलेल्या मॉर्फिनची लागलेली सवय. घरचा पैसा त्याच्या दंडातल्या सुईच्या भोकातून वाहून जातो आणि हे त्याच्या पोरांच्या डोळ्यांनी सांगितलं आहे. शेवटी तो मरतो. पोरं, तुटका रेडिओ, सगळं आहे.

माझ्या तुकडीतला एक जवान असाच गेला. दारू होती, सुई नव्हती. पेन्शन यायची त्या दिवशी त्याची बायको आठ वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन बँकेच्या दारात उभी राहायची, त्याच्या हातात यायच्या आधी पैसे घ्यायला. त्या मुलीला आज काय आठवत असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. काल रात्री आणलं.

हा कवी स्वतः फौजेत होता का?

नेपरविलचा_गंधार
होय काका. सक्तीच्या भरतीत गेला, पण त्याला व्हिएतनामला पाठवलं नाही, पश्चिम जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं. तिथे अवजड गाड्यांची दुरुस्ती करायचा. त्याच्या ओळखीची मुलं मात्र व्हिएतनामला गेली आणि परतली ती वेगळीच होऊन. ते गाणं एका माणसाचं नाही, त्या सगळ्यांना मिळून एक नाव दिलं आहे.

यावरून आठवलं. या गाण्यातली एक ओळ गायक जॉनी कॅशने गाताना बदलली. मूळ ओळीचा आशय असा की येशू बहुधा व्यर्थच मेला. कॅश श्रद्धाळू होता, त्याच्या तोंडून ती निघेना.

रानफूल७
बदलायला नको होती. त्या घरातल्या बाईला तेव्हा तसंच वाटत असणार.

कीर्तनरंग
मला कॅशचं पटतं. गाणारा ओळीची जबाबदारी घेतो. ज्यावर विश्वास नाही ते गाऊ नये, आणि ज्याने लिहिली तो त्याच्या तोंडाने गातोच आहे.

नेपरविलचा_गंधार
आता शालिनीताईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण दादरकरांशी माझं जमत नाही.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पोस्टमनची पद्धत अशी होती की सगळं टपाल एकदम खांद्यावर घ्यायचं नाही. वाटेत कोपऱ्यावर लोखंडी पेट्या असत, रिले बॉक्स. पुढच्या गल्ल्यांचे गठ्ठे खात्याची गाडी आधीच त्यात टाकून ठेवायची. पोस्टमन तिथे पोचला की कुलूप काढून झोळी पुन्हा भरायची. प्राइन थंडीवाऱ्यात त्या पेटीत शिरून सँडविच खायचा आणि म्हाताऱ्यांचं ते गाणं त्याने अशाच एका पेटीत बसून रचलं. शिकागोकडचा जानेवारी मी अठरा वर्षं काढला आहे. त्या वाऱ्यात लोखंडी पेटीत बसून ज्याला दुसऱ्याचं एकटेपण सुचतं, त्याच्या नोकरीचा त्यात काही हात नाही हे मी मान्य करणार नाही.

आणखी एक. लहानपणी तो वर्तमानपत्रं टाकायचा, त्यात एक वृद्धाश्रम होता. खोलीखोलीत जाऊन पेपर द्यायचा. तिथले काही म्हातारे शेजाऱ्यांसमोर असं दाखवत की हा आमचा नातू, भेटायला आलाय. तो गप्प उभा राहायचा. म्हणजे पोस्टमन व्हायच्या आधीच तो पोस्टमन होता म्हणा ना!

दादरकर
गंधार, वृद्धाश्रमाची गोष्ट मला माहीत नव्हती. अर्धा पाय मागे घेतो. अर्धाच.

मृण्मयी_अनुवाद
मी त्या म्हाताऱ्यांच्या गाण्याचा मराठी अनुवाद करायला घेतला आणि एका शब्दावर तीन आठवडे अडले. शब्द आहे 'हॅलो'. मराठीत रस्त्यात भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? 'नमस्कार' म्हटलं की सभा झाली. 'कसे आहात' म्हटलं की डॉक्टर झालो. मदत करा.

भिगवणची_सई
"काय आजी, जेवलात का?" दुसरं काय!

मालवणी_माशेल
आमच्याकडे "काय गो आये, बरा मां?" पुरे.

वणीचा_पंक्या
"काय माय, बरं हाय ना?" आणि उत्तराची वाट न बघता ओट्यावर बसायचं.

कीर्तनरंग
गाण्याच्या शीर्षकात 'आत कुणी आहे का' असाही ध्वनी आहे. दार लोटून घेतलेलं आहे आणि आपण बाहेरून विचारतोय. म्हणून मी म्हणेन, "आहात का घरात?"

मृण्मयी_अनुवाद
कीर्तनरंग, हे सापडलं! 'आहात का घरात?' पोस्टमनही हेच म्हणतो. आणि सईचं 'जेवलात का' शेवटच्या ओळीला घेते. तीन आठवड्यांचं काम तीन तासांत झालं, तुम्हा सगळ्यांचे आभार.

स्वरतज्ज्ञ_नाही
मी कर्करोगाच्या रुग्णांना बोलायला-गिळायला शिकवते, त्यामुळे मला प्राइनच्या आवाजाबद्दल लिहायचंय.

१९९८ साली त्याला मानेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत मानेच्या एका बाजूचं बरंच काही काढावं लागलं, मग किरणोपचार. किरणांनी लाळ आटते, स्नायू आखडतात. गाणाऱ्यासाठी हे काय असतं ते मी रोज बघते. त्याचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. मग त्याने काय केलं? जुन्या गाण्यांच्या पट्ट्या खाली आणल्या आणि पुन्हा गायला लागला. त्याला स्वतःला ती गाणी नव्याने भेटल्यासारखी वाटली. १९७१चं म्हाताऱ्यांचं गाणं ऐका आणि मग उतारवयात गायलेलं ऐका. पहिल्यात एक तरुण म्हाताऱ्यांकडे बघतोय. दुसऱ्यात तो त्यांच्या शेजारी येऊन बसलाय.

२०१३ साली फुफ्फुसाचा कर्करोग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया. तरी २०१८ साली नवी गाणी घेऊन आला, 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस'. ती तबकडी अमेरिकेच्या खपाच्या यादीत पाचवी गेली, आयुष्यातला त्याचा सगळ्यात वरचा क्रमांक, वय एकाहत्तर. बायको फियोनाने त्याला अर्धवट कवितांच्या खोक्यांसह आठवडाभर हॉटेलात नेऊन ठेवलं होतं, लिहून पूर्ण कर म्हणून. माझ्या रुग्णांच्या बायकांना मी हा किस्सा सांगते.

टिंबटिंब
मी वर जरा तोडून बोललो. रात्री चार गाणी ऐकली. 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी'बद्दल कुणी लिहिलंच नाही इथे?

रानफूल७
टिंबटिंब, आलात का मांडवात! बॉनी रेटने १९७४ साली गायलं आणि लोकांना ते तिचंच वाटतं. स्वयंपाकघरात अडकलेली बाई आहे. मित्राने प्राइनला सुचवलं होतं, म्हाताऱ्यांवर अजून एक गाणं लिही. तो म्हणाला, आता नाही जमणार, पण वयापेक्षा म्हातारी झालेल्या बाईवर लिहितो. पहिल्याच ओळीत गाणारा पुरुष 'मी म्हातारी बाई' म्हणतो. आपल्या गवळणींत पुरुष संत राधा होऊन, गोपी होऊन बोलतात, तेव्हा आपल्याला ते विचित्र वाटायला नको. माशीचा आवाज आणि नवऱ्याचं न बोलणं, त्या दोन गोष्टींत तिचा संसार कळतो.

नेपरविलचा_गंधार
गिटार शिकणाऱ्यांसाठी: प्राइनची बहुतेक गाणी तीन-चार कॉर्डांची आहेत, सगळं काम उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर डोलत राहतो, बाकी बोटं वर सूर खुडतात. या पद्धतीला ज्याचं नाव लागलं तो मर्ल ट्रॅव्हिस त्याच म्यूलेनबर्ग परगण्याचा. दादरकर खूश होतील.

दादरकर
झालो! केंटकीचा एक गुण लिहा.

पुस्तकवेडी_अंजू
स्टीव्ह गुडमनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तो प्राइनचा जिवलग, स्वतः मोठा गीतकार. १९७१ साली त्याला नावाजलेला गायक क्रिस क्रिस्टॉफरसन याच्यासमोर गायची संधी मिळाली. क्रिस्टॉफरसन खूश झाला, तर हा म्हणतो, मला राहू द्या, आधी माझ्या मित्राला ऐका. रात्री उशिरा सगळे प्राइन गायचा त्या ठिकाणी गेले. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून झाल्या होत्या. प्राइनने गाणी म्हटली. क्रिस्टॉफरसन म्हणाला, तीच पुन्हा म्हण. पुढे न्यूयॉर्कला त्याने प्राइनला आपल्या कार्यक्रमात मंचावर बोलावलं, तिथे अटलांटिक या तबकड्यांच्या कंपनीच्या जेरी वेक्सलरने ऐकलं आणि करार झाला.

स्वतःची संधी मित्राला देणारा गुडमन तेव्हा ल्युकेमियाशी झगडत होता. १९८४ साली गेला, छत्तिसाव्या वर्षी. एक विनोदी गाणं दोघांनी मिळून लिहिलं होतं, त्यावर प्राइनने आपलं नाव लावू दिलं नाही. ते डेव्हिड अ‍ॅलन कोच्या आवाजात गाजलं, तेव्हा गुडमनने प्राइनला जुकबॉक्स (नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र) भेट दिला.

स्वरतज्ज्ञ_नाही
जुकबॉक्सवरून मला दुसरी गोष्ट आठवते. 'पॅराडाइज' ध्वनिमुद्रित झाल्यावर प्राइन टेप घेऊन वडिलांकडे गेला. यंत्र उसनं आणलं होतं. गाणं सुरू झालं तसे वडील उठून शेजारच्या खोलीत अंधारात जाऊन बसले. नंतर विचारलं, असं का? म्हणाले, मला कल्पना करायची होती की ते जुकबॉक्सवर वाजतंय. तबकडी बाजारात यायच्या आधीच ते गेले.

वणीचा_पंक्या
हे नको होतं सांगायला. ऑफिसात बसलोय.

शालिनी_वाई
चार दिवस प्रतिसाद वाचत होते, लिहवत नव्हतं. दादरकरांनाही अर्धा गुण देते, पण त्याआधी एक गोष्ट मुलाने सांगितली ती ऐका. मोठ्या कंपन्यांशी पटेनासं झाल्यावर प्राइनने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या माणसांबरोबर स्वतःची 'ओ बॉय' ही कंपनी काढली. १९८४ची 'एमलेस लव्ह' निघायच्या आधीच ऐकणाऱ्यांनी तिच्या खर्चाचे पैसे पाठवून दिले. कशाने पाठवले? टपालाने. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग! मनीऑर्डर माणूस ओळखूनच करतात."

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना मृण्मयीचा अनुवाद वाचून दाखवला, गाणं लावलं. 'आहात का घरात' ला मान हलवली. गंधारची रिले बॉक्सची गोष्ट सांगितली, तर उठून बसले. पेटी केवढी होती, कुलपाची किल्ली कुणाकडे, गठ्ठे बीटच्या क्रमाने लावून यायचे की पेटीत बसून लावायचे, असे प्रश्न. शेवटी म्हणाले, "आपल्याला अशी पेटी मधल्या फाट्यावर असती तर उतरणीच्या गावाला दोनदा जायला नको होतं."

मग त्यांनी विचारलं, तो आहे का अजून?

नेपरविलचा_गंधार
ताई, तो ७ एप्रिल २०२०ला गेला. कोविडने, नॅशविलच्या रुग्णालयात, वय ७३. त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅराडाइजच्या वीजकेंद्राचं कोळशावरचं शेवटचं युनिट बंद झालं होतं. आपण मेल्यावर राख गावाकाठच्या ग्रीन नदीत सोडा असं त्याने 'पॅराडाइज' गाण्यात म्हटलं होतं. घरच्यांनी अर्धी राख नदीत सोडली, अर्धी शिकागोत आई-वडिलांच्या शेजारी ठेवली.

वणीचा_पंक्या
शिकागोला गुण किती, केंटकीला किती, ते त्यानेच वाटून टाकलं.

भिगवणची_सई
शालिनीताई, ज्या आजीला पत्र यायचं नाही, तिच्या दारात अण्णा थांबून काय करायचे? तेवढं सांगितलं नाहीत.

शालिनी_वाई
पाणी मागायचे. वाटेत दोन विहिरी होत्या, तरी तिच्याकडेच मागायचे.